गुन्ह्यांच्या नोंदीची सत्तर वर्षे

श्रोतेहो, देवळाच्या पारावर चार वडीलधारी माणसे बसली, की एक वाक्य हमखास कानी पडते : “आमच्या वेळी असं नव्हतं हो! दाराला कडी नसली तरी चालायचं. आता दिवसाढवळ्या माणसं कापतात.” ऐकणारे मान डोलावतात. तरुण मंडळी मात्र मनातल्या मनात हसतात, कारण त्यांच्या आजोबांच्या आजोबांनीही असेच म्हटले असणार, हे त्यांना ठाऊक असते.

मग खरे काय? गुन्हे वाढले की कमी झाले? याचा निकाल पारावर लागायचा नाही. त्याला वही लागते. आणि तशी वही आपल्या देशात आहे. १९५३ सालापासून देशातल्या पोलीस ठाण्यांत नोंदलेल्या गुन्ह्यांची बेरीज दर वर्षी एका ग्रंथात छापली जाते. पुढे १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालय स्थापन झाले आणि ते काम त्याच्याकडे आले. सत्तर वर्षांची ही वही आज आपण जरा चाळून पाहू. आकड्यांनी भिऊन जाऊ नका. आकडे थोडेच आहेत, आणि प्रत्येकामागे एक गोष्ट आहे.

पण त्या आधी, वही नव्हती तेव्हा काय होते? पेशवाईच्या अखेरीस आपल्या खेड्यांत चोरीचा बंदोबस्त गावानेच करायचा असे. पाटील त्याला जबाबदार, आणि हाताशी जागल्या किंवा रामोशी. चोरी झाली, की जागल्याने पावलांचा माग काढत निघायचे. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला, की पुढची जबाबदारी त्या गावाची. शिवेबाहेर माग दाखवता आला नाही, तर झालेले नुकसान आपल्याच माथी. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या रीतीचे वर्णन आहे. या व्यवस्थेत गुन्हा गावाला कळे, पण कागदावर क्वचितच येई.

पुढे इंग्रजांचा अंमल बसला. १८६० साली भारतीय दंड संहिता तयार झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. चोरी कशाला म्हणायचे, दरोडा कशाला म्हणायचे, याची देशभर एकच व्याख्या झाली. १८६७ साली मुंबई इलाख्यासाठी ग्रामपोलिसांचा कायदा आला आणि पोलीस पाटलाचे नाते ठाण्याशी कागदोपत्री जोडले गेले. गुन्हा आता गावच्या तोंडातून सरकारच्या वहीत जाऊ लागला.

मात्र वही कोण लिहितो, यावर तिच्यात काय येते हे ठरते. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या कायद्याने तो साऱ्या देशाला लागू होण्याची वाट मोकळी झाली. एखाद्या जमातीत जन्माला येणे हाच जणू गुन्हा! माणसाने काही केलेले असो वा नसो, ठाण्यावर हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहतच होती. ज्या रामोश्याने पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण केली, चोराचा माग काढला, त्याचीच जमात पुढे संशयितांत गणली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. रामोशी, कैकाडी, राज पारधी अशा कित्येक जमाती आज आपल्या राज्यात ‘विमुक्त जाती’ म्हणून ओळखल्या जातात, ते यावरूनच. त्या काळच्या वहीत या लोकांची नावे पुष्कळ सापडतील. त्यावरून तेच गुन्हे करीत होते असे म्हणाल, तर फसाल. पोलीस जिकडे पाहतात, तिकडचेच त्यांना दिसते.

आता १९५३ कडे येऊ. त्या वर्षी दंड संहितेखाली देशात ६,०१,९६४ गुन्हे नोंदले गेले. २०११ साली हाच आकडा २३,२५,५७५ झाला. जवळजवळ चौपट! पारावरचे आजोबा लगेच म्हणतील, “बघा, मी काय म्हणत होतो!” पण थांबा. १९५३ साली देशाची लोकसंख्या साडेसदतीस कोटींच्या आसपास होती, २०११ साली ती १२१ कोटी झाली. माणसे तिपटीहून वाढली, तर भांडणेही वाढणारच. म्हणून हिशेब नेहमी दर लाख माणसांमागे करावा. तो केला, तर १९५३ साली लाखामागे १६० गुन्हे होते आणि २०११ साली १९२. वाढ आहे, पण चौपट नाही; पाचव्या हिश्श्याइतकी आहे. शिक्षकबंधुभगिनींनी हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर जरूर मांडावे. मुले भागाकारही शिकतील आणि वर्तमानपत्र वाचायलाही शिकतील.

सगळ्या गुन्ह्यांत एक गुन्हा असा आहे, की तो लपवणे फार अवघड. तो म्हणजे खून. चोरी झालेला माणूस गप्प बसू शकतो. प्रेत गप्प बसत नाही. म्हणून खुनाचा आकडा इतर आकड्यांपेक्षा अधिक भरवशाचा मानतात. १९५३ साली देशात ९,८०२ खून नोंदले गेले. १९७१ साली १६,१८०. १९८१ साली २२,७२७. १९९१ साली ३९,१७४, आणि १९९२ साली तर ४०,१०५. हे कडे चढताना छातीत धडकी भरते. त्या काळात पंजाब, काश्मीर, आसाम धुमसत होते, हेही ध्यानात ठेवा. पण गंमत पुढे आहे. त्यानंतर आकडा उतरू लागला. २००१ साली ३६,२०२, २०११ साली ३४,३०५, आणि २०२२ साली २८,५२२.

लाखामागे पाहू. १९५३ साली २.६ खून. १९९१ साली ४.६. २०२२ साली २.१. म्हणजे ज्या ‘आमच्या वेळी’ कडी लावत नसत असे आजोबा सांगतात, त्या काळापेक्षा आज माणसाचा खून होण्याचा धोका, वहीप्रमाणे, थोडा कमीच आहे. आजोबा अगदीच चुकत नाहीत. मधली चाळीस वर्षे आलेख चढतच होता, आणि त्यांची आठवण त्या चढणीची आहे. पण शिखर मागे पडले, हे वर्तमानपत्रातली रोजची बातमी सांगत नाही. बातमी एका खुनाची असते. न झालेल्या खुनाची बातमी कोण छापणार?

खून होतात तरी कशापायी? २०२२ च्या वहीत सर्वांत मोठा रकाना आहे वादविवादांचा : ९,९६२ खून. त्याखालोखाल वैर आणि सूडबुद्धी : ३,७६१. लाभासाठी, म्हणजे पैशाच्या हव्यासाने झालेले खून १,८८४. अंधारात दबा धरून बसलेल्या अनोळखी दरोडेखोराला आपण भितो. पण बांधावरचा वाद, पाण्याची पाळी, वाटणीचा कज्जा आणि घरातली तंटेबखेडे यांनी त्याच्याहून कितीतरी अधिक जीव घेतले आहेत. वेळेवर झालेली जमिनीची मोजणी हादेखील एक बंदोबस्तच आहे.

आता घरफोडी पाहा. १९५३ साली १,४७,३७९ घरफोड्या नोंदल्या होत्या, म्हणजे लाखामागे ३९. २००१ साली हा आकडा एक लाखाच्या आसपास, म्हणजे लाखामागे साधारण दहा. लोक तिपटीच्या जवळ पोहोचले आणि घरफोड्या घटल्या! यात आनंद मानावा का? काही अंशी मानावा. कुडाच्या भिंती गेल्या, विटांच्या आल्या. सोने बँकेत गेले. पण दुसरीही शक्यता आहे. भांडीकुंडी गेली म्हणून तालुक्याला खेटे घालायचे, दोन दिवसांचा रोज बुडवायचा, आणि हाती काय येणार? “जाऊ द्या, मेलं!” असे म्हणून किती जण घरी बसले, ते वहीत कोठून येणार? खुनाचा आकडा आणि घरफोडीचा आकडा एकाच ग्रंथात छापलेला असला, तरी दोन्हींवर सारखा विश्वास टाकता येत नाही.

दंग्याचे आणखी निराळे. १९५३ साली दंग्याचे गुन्हे २०,५२९ होते. १९८१ साली १,१०,३६१ झाले. २०२२ साली ३७,८१६. दंगा म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे शहरातली जाळपोळ येते. पण कायद्याच्या भाषेत पाच किंवा अधिक माणसांच्या बेकायदा जमावाने बळाचा वापर केला, की तो दंगा. कालव्याच्या पाण्यावरून दोन भावक्यांत काठ्या चालल्या, तरी तो दंगाच. म्हणून शब्द वाचताना त्याचा कायद्यातला अर्थ विचारावा.

आता जरा गंभीर गोष्ट. १९५३ च्या वहीत बलात्काराचा वेगळा रकानाच नव्हता. तो १९७१ पासून आला, आणि त्या वर्षी २,४८७ गुन्हे नोंदले गेले. २०१२ साली २४,९२३. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, ३३,७०७. एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढ! एकट्या दिल्लीत ७०६ वरून १,६३६. एका वर्षात पुरुषजात एवढी बिघडली काय? नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुण मुलीवर जो भयंकर अत्याचार झाला, त्याने देश हलला. २०१३ साली कायदा बदलला. गुन्ह्याची व्याख्या रुंदावली, संमतीचे वय अठरा झाले, आणि अशा गुन्ह्याची फिर्याद नोंदवून न घेणारा पोलीस अंमलदारच शिक्षेस पात्र ठरला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात निकाल दिला, की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर ती नोंदवलीच पाहिजे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, आयाबहिणींनी तोंड उघडले. वाढलेला आकडा हा येथे बऱ्याच अंशी वाढलेल्या धैर्याचा आकडा होता.

तरीही झाकलेले पुष्कळ उरले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन स्त्रियांना विचारले गेले. ज्यांनी शारीरिक किंवा लैंगिक मारहाण-अत्याचार सोसले, त्यांतल्या शंभरांपैकी केवळ चौदा जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. आणि मदत मागणाऱ्यांतही बहुतेक माहेरी किंवा नातलगांकडे गेल्या. ठाण्यापर्यंत पोहोचणाऱ्या फारच थोड्या. म्हणजे वहीतला आकडा हा विहिरीतल्या पाण्याचा नव्हे, पोहऱ्यात आलेल्या पाण्याचा आहे.

आता देश सोडून प्रांतांकडे वळू. येथे पहिली अडचण नकाशाची. १९५३ सालच्या वहीत ‘मुंबई राज्य’ दिसेल. पण त्यात अहमदाबाद होते, धारवाड होते, आणि आपला मराठवाडा मात्र हैदराबाद राज्यात आणि नागपूर-विदर्भ मध्य प्रदेशात होता. १९५६ साली सीमा बदलल्या, १९६० साली महाराष्ट्र झाला. तेव्हा ‘महाराष्ट्रात १९५३ पासून गुन्हे इतके वाढले’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला आधी विचारावे : बाबा, तुझा महाराष्ट्र कोणता?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. २०१६ साली उत्तर प्रदेशात दंड संहितेचे २,८२,१७१ गुन्हे नोंदले गेले आणि केरळात २,६०,०९७. उत्तर प्रदेशाची लोकसंख्या केरळाच्या सहापट. मग केरळ हा सहापट गुन्हेगारांचा मुलूख म्हणायचा का? त्याच वर्षीचा खुनाचा रकाना पाहा. उत्तर प्रदेशात ४,८८९ खून, केरळात तीनशेच्या थोडे वर. लोकसंख्येच्या हिशेबानेही केरळातले खून कमीच. मग इतर गुन्हे तेथे एवढे कसे? कारण तेथे शिकलेला माणूस ठाण्यात जातो, ठाणे जवळ असते, आणि लहानसहान गुन्हाही वहीत चढतो. म्हणून जेथे खुनांचे आकडे मोठे आणि चोरी-मारामारीचे आकडे आश्चर्य वाटावे इतके लहान, तेथे समजावे, की गुन्हे कमी नाहीत, वही कोरी आहे.

तिसरी गोष्ट, कायदाच कधी कधी गुन्हे जन्माला घालतो. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. आदल्या दिवशीपर्यंत ज्याला कोणी गुन्हा म्हणत नव्हते, ते दुसऱ्या दिवशी खटल्याचे कारण झाले. अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. २०२० साली करोनाची साथ आली. सारा देश घरात बसला, चोऱ्या कमी झाल्या. तरी एकूण नोंदलेले गुन्हे २०१९ च्या ५१,५६,१५८ वरून ६६,०१,२८५ वर गेले! यांत दंड संहितेबरोबरच इतर विशेष कायद्यांखालचे गुन्हेही धरले आहेत. मग वाढले काय? सरकारी हुकूम मोडल्याचे गुन्हे. ते २९,४६९ वरून एका वर्षात ६,१२,१७९ झाले. घराबाहेर पडलेला, बंदीत दुकान उघडलेला, असा प्रत्येक जण वहीत गेला. केवळ एकूण बेरीज पाहणाऱ्याला वाटेल, की २०२० हे दरोडेखोरांचे वर्ष होते.

मोजण्याची एक रीतही सांगून ठेवतो. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले, तर बेरजेत त्यांतला सर्वांत मोठा एकच धरतात. घरात शिरून चोरी केली आणि मालकाचा जीवही घेतला, तर मोजणी खुनात होते. चोरी त्या बेरजेत दिसत नाही. एखाद्या स्त्रीवर अत्याचार करून तिला ठार मारले, तर तेही खुनातच. यात लबाडी नाही, मोजणीची सोय आहे. पण वाचणाऱ्याला ती ठाऊक हवी.

आणि चोर बदलतो, तसे रकानेही बदलावे लागतात. आता चोराला कूड पोखरावा लागत नाही. तो मोबाइलवर बोलतो, “तुमचे खाते बंद होणार आहे,” म्हणतो, आणि आपल्याच तोंडून गुप्त आकडा काढून घेतो. संगणक आणि मोबाइलच्या मार्गाने झालेले गुन्हे २०२२ साली ६५,८९३ नोंदले गेले, २०२३ साली ८६,४२०. घरफोडी कमी झाली म्हणून निर्धास्त राहिलेल्याचे घर असे दुसऱ्याच दाराने फुटते. या चोराच्या पावलांचा माग गावच्या शिवेवर दिसत नाही. पण १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवले, तर पैसा वाटेत अडवता येण्याची आशा असते.

मंडळी, इतके सारे ऐकल्यावर कोणी म्हणेल, आकड्यांत एवढे खाचखळगे असतील, तर ही वही हवी कशाला? तर असे नाही. वही हवीच, ती वाचायची कशी, एवढेच आपण शिकायचे आहे. वहीवर ठाणी उघडतात, शिपाई नेमले जातात, पैसा वाटला जातो. ज्या गावच्या तक्रारी वहीत नाहीत, त्या गावाचे दुखणे सरकारच्या हिशेबी नाहीच. आणि एक सांगतो, आकडा खाली आणा असा हुकूम वरून आला, तर तो दोन रीतींनी खाली येतो. एक रीत गुन्हे रोखण्याची, ती कष्टाची. दुसरी रीत फिर्याद न घेण्याची, ती फार सोपी. १९०२-०३ साली अँड्र्यू फ्रेजर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने त्या वेळच्या पोलिसांना अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी ठरवले होते. सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे शब्द कोणाला टोचावेत म्हणून सांगत नाही. पण ठाण्याचा उंबरा गरिबाला उंच वाटतो, तोवर कमी आकड्याचे कौतुक करू नये, एवढेच म्हणतो.

म्हणून आपण काय करावे? दखलपात्र गुन्ह्याची खबर द्यायला गेलात, तर ती नोंदवून घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि तिची नक्कल फिर्यादीला फुकट मिळते. “हे आमच्या हद्दीत येत नाही,” हे कारणही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात कोणत्याही ठाण्यात खबर देण्याची सोय आहे. ठाण्याने घेतली नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहावे. तेथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पोलीस पाटलाने गावची अब्रू जाईल म्हणून गुन्हा झाकू नये. आणि शिक्षकांनी, विशेषतः मुलींना, हे वर्गात सांगावे, की बोललेली गोष्टच वहीत येते.

पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात मथळा येईल : ‘गुन्ह्यांत वाढ’. कदाचित येईल : ‘गुन्ह्यांत घट’. तो वाचलात, की तीन प्रश्न विचारा. लोकसंख्येच्या मानाने किती? कोणता गुन्हा, आणि तो वहीत चढवणे किती सोपे होते? मधल्या काळात कायदा किंवा सीमा बदलली का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे मग पारावर आजोबांशी खुशाल वाद घाला.